पाळधीच्या अलीकडे इंजिन जाम, १,८६,४०० चं एस्टिमेट. दुरुस्त करू, विकू की भांडू?

एरंडोलची_लेक

नमस्कार. गाडी चालवण्यापलीकडे मला त्यातलं फारसं कळत नाही, म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

गाडी २०१८ ची डिझेल हॅचबॅक, एमएच १९, पहिले मालक आम्हीच. ९१,४०० किमी झालेत, वॉरंटी केव्हाच संपली. मी एरंडोलला एका शाळेत लिपिक आहे. वडिलांचं डायलिसिस दर मंगळवारी आणि शुक्रवारी जळगावला असतं. गेली दोन वर्षं गाडी मुख्यतः त्यासाठीच चालते. बाकी लग्नकार्य, बाजार, एवढंच.

मागच्या मंगळवारी साडेतीनला दवाखान्यातून निघालो. ऊन तुम्हाला माहीतच आहे, मे महिन्यातलं जळगाव. एसी चालू होता. बाबा मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते, डायलिसिसनंतर त्यांच्यात बोलायचंही त्राण नसतं. बांभोरीचा गिरणेचा पूल ओलांडला आणि थोड्या वेळात डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला. लागला तो लागूनच राहिला. मी एसी बंद केला, वेग कमी केला. तेवढ्यात बोनेटमधून ठकठक सुरू झाली, कोणी आतून हातोडी मारतंय तशी.

बाबांनी डोळे न उघडता म्हटलं, "बेटा, आवाज बदलना. बंद कर." (आवाज बदललाय.)

बाबा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. मी त्यांचं ऐकलं नाही. समोर सावलीचं एक झाड नव्हतं, आणि पाळधी दीडेक किलोमीटरवर होतं. त्यांना त्या उन्हात रस्त्यावर कसं बसवायचं, एवढंच डोक्यात होतं. म्हटलं, पाळधीपर्यंत जाऊ दे देवा. गाडी गेली नाही. एक मोठा कडकन आवाज आला, चाकं ओढल्यासारखी झाली आणि सगळं बंद. नंतर चावी फिरवली तर नुसतं 'टक्'.

अमळनेरला रिकामा परतणारा एक पिकअप थांबला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "काय व्हयनं ताई? बाबाले आमनी गाडीमा बसाडा." त्याने बाबांना उचलूनच पुढे बसवलं, ओला गमछा डोक्यावर दिला आणि एरंडोलला घराच्या दारात सोडलं. पैसे घेतले नाहीत. नावही विचारायचं राहिलं माझ्याकडून.

गाडी टो करून जिथे नेहमी सर्व्हिसिंग करतो त्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. दोन दिवसांनी एस्टिमेट आलं: १,८६,४००. शॉर्ट ब्लॉक (म्हणजे इंजिनाचा अख्खा खालचा भाग), ऑइल पंप, गॅस्केट किट (जोडांत बसणाऱ्या सीलपट्ट्या), मजुरी. सोबत तोंडी शेरा, "मॅडम, ऑइलकडे दुर्लक्ष झालंय, ओनर निग्लिजन्स आहे." मी म्हटलं, एप्रिलमध्ये ८९,६०० ला तुमच्याकडेच सर्व्हिस केली, ऑइल आणि फिल्टर तुम्हीच बदललं, बिल आहे. त्यावर सुपरवायझर म्हणाले, "मग लाल दिवा लागल्यावर चालवली असेल." ते खरं आहे, मी चालवली. तेव्हापासून झोप नाही.

इन्शुरन्सवाले म्हणतात, अपघात नाही, आतला बिघाड आहे, पॉलिसीत बसत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर आम्ही घेतलं नव्हतं.

एक जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे त्या स्थितीत १,१०,००० देतो म्हणतो. दुसरा एक जण भंगारातल्या गाडीचं चालू इंजिन ६५,००० त बसवून देतो म्हणतो. सर्व्हिस सेंटर म्हणतं, इंजिन उघडून नक्की कारण सांगायला ४,५०० वेगळे, आणि काम करणार नसाल तर रोजचे ३०० पार्किंगचे. भाड्याच्या गाडीला एका खेपेचे १,४०० जातात, आठवड्याला दोन खेपा.

विचारायचं एवढंच आहे: त्या दीड किलोमीटरने इंजिन गेलं का? आणि आता यातलं काय करू?

---

शहादेकर_३९

ताई, आधी बाबांची तब्येत कशी आहे ते सांगा.

भंगारातल्या इंजिनाच्या नादी लागू नका, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणारा रबरी पट्टा, सारंगखेड्याच्या यात्रेला जाताना तुटला. घोडे बघायला मुलांना घेऊन निघालो होतो. ना दिवा, ना आवाज. चालती गाडी एका क्षणात मुकी झाली. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह जागच्या जागी थांबतात आणि पिस्टन खालून येऊन त्यांना ठोकतो. १६ पैकी ८ व्हॉल्व्ह वाकले होते. ६२,००० गेले. आणि माझी गाडी फक्त ४८,००० किमी चाललेली! मी किलोमीटर मोजत बसलो. पुस्तकात किलोमीटरसोबत वर्षंही दिलेली असतात, जे आधी येईल ते. गाडी नऊ वर्षांची होती. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मलाही जुन्या इंजिनाचं आमिष दाखवलं होतं. इंजिनावर नंबर कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. दुसरं इंजिन बसवलं की आरटीओत नोंद करावी लागते, त्यासाठी त्या इंजिनाचा कायदेशीर कागद लागतो. माझ्या मेहुण्याने कागदाशिवाय बसवलं. पुढे गाडी विकायला काढली तेव्हा इंजिन नंबर जुळेना, आणि गिऱ्हाईक चोरीची समजून निघून गेलं. ती गाडी अजून अंगणात उभी आहे. शिवाय ते "चालू" इंजिन आधीच्या मालकाने कसं वापरलं, हे कोण सांगणार?

---

भुसावळ_गॅरेज

ताई, तुमचं सगळं वाचलं. भुसावळला माझं छोटं गॅरेज आहे, ३४ वर्षं इंजिनाचंच काम करतो. बघितल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही, पण तुम्ही लिहिलेलं वाचून मला एक शंका येते. आधी या प्रश्नांची उत्तरं द्या.

१. गेल्या वर्षभरात चेंबर उघडलं होतं का? चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी. दगड लागला, गळती झाली, म्हणून काढलं, बदललं, असं काही?

२. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर चार-पाच सेकंद टिकटिक यायची का?

३. तो लाल दिवा आधी कधी क्षणभर लुकलुकला होता का? विशेषतः गाडी तापलेली, सिग्नलला उभी, नुसती चालू, अशा वेळी?

प्रश्न का विचारतोय तेही सांगतो. किटलीचा लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही. तो प्रेशर सांगतो. डिपस्टिकवर ऑइल पूर्ण असलं तरी प्रेशर जाऊ शकतं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळशा थरावर तरंगत असतो, लोखंडाला लोखंड लागतच नाही. प्रेशर गेलं की तो थर तुटतो आणि दोन-चार मिनिटांत बेअरिंग घासून क्रँकला चिकटतं. तुम्ही ऐकलेली ठकठक तीच.

ऑइल तापलं की पातळ होतं, आणि इंजिन आयडलला असलं की पंप हळू फिरतो. म्हणून प्रेशर सगळ्यात कमी असतं ते उन्हाळ्यात, सिग्नलला. ज्या इंजिनात आतून काहीतरी अडतंय, ते पहिल्यांदा तिथेच दिवा लुकलुकवतं. लोक म्हणतात सेन्सर खराब असेल. असतोही कधी कधी. पण गेज लावून प्रेशर मोजल्याशिवाय सेन्सरवर ढकलू नये.

आता दीड किलोमीटरबद्दल. खोटा धीर देणार नाही. दिवा लागल्याबरोबर बंद केली असती, तर क्रँक कदाचित वाचला असता, आणि क्रँक वाचला की खर्च निम्म्यावर येतो. पण बेअरिंग त्या दीड किलोमीटरात गेलेलं नाही. ठकठक लगेच आली म्हणजे ते आधीच संपत आलं होतं. ऑइल नवीन असताना, १,८०० किमीत, बेअरिंग संपतं कसं? हा प्रश्न सर्व्हिस सेंटरला विचारायचा आहे, तुम्हाला नाही.

आणि तुमच्या वडिलांचे कान अजून शाबूत आहेत. त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

केळीबाग_रावेर

मीही असाच फसलो होतो, म्हणून लिहितो. माझं तापण्याचं प्रकरण. सावद्याहून रावेरला येताना टेम्परेचरचा काटा लालपर्यंत गेला, मी थांबायला जागा शोधतोय तोवर काटा आपोआप खाली आला. वाटलं, बरं झालं, थंड झाली. प्रत्यक्षात कूलंटचा पाइप फुटून सगळं पाणी निघून गेलं होतं. सेन्सरला पाणीच लागत नव्हतं, तो काय दाखवणार? हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं, गॅस्केट गेलं, मशीनवर हेड प्लेन करून आणलं. ४१,००० लागले. पाइप नवीन घेतला असता तर चारशे-पाचशेचा होता. काटा चढून अचानक उतरला तर जास्त घाबरा, एवढंच सांगतो. ताई, तुमचं काम लवकर होवो.

---

एरंडोलची_लेक

बाबा बरे आहेत. भाऊंचा नमस्कार सांगितला. म्हणाले, "त्यांले सांग, कान चांगला शेतस, फक्त पोरगी ऐकस नाही." (कान चांगले आहेत, पोरगीच ऐकत नाही.) आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा हसले.

भुसावळच्या भाऊ, तुमचे तिन्ही प्रश्न वाचून मला घाम फुटला. तिन्हींचं उत्तर हो आहे.

मागच्या ऑक्टोबरात एका डायव्हर्जनवर मोठा दगड खालून लागला आणि ऑइल गळायला लागलं. तेव्हा मी लगेच बंद केली होती. गाडी याच सर्व्हिस सेंटरला टो केली, त्यांनी चेंबर बदललं. बिल आत्ता फाइलमधून काढलं: ८०,१५० किमी, चेंबर, ऑइल, फिल्टर, सीलंट एक ट्यूब, मजुरी, एकूण ७,८५०.

सकाळची टिकटिक साधारण फेब्रुवारीपासून. एप्रिलच्या सर्व्हिसला मी सांगितली होती. "डिझेल आहे मॅडम, आवाज येणारच," म्हणाले. जॉब कार्डावर मात्र लिहिलंय, "कस्टमर कम्प्लेंट: मॉर्निंग नॉइज." खाली "चेक्ड, ओके".

आणि दिवा आकाशवाणी चौकात दोनदा लुकलुकला होता, मे च्या पहिल्या आठवड्यात. सिग्नल सुटला, गाडी पुढे घेतली की विझला. मी कोणाला सांगितलंच नाही. मला वाटलं होतं, सर्व्हिसची आठवण करून देणारा दिवा असेल, आणि सर्व्हिस तर नुकतीच झाली होती.

याचा चेंबरशी काय संबंध?

---

भुसावळ_गॅरेज

संबंध सीलंटच्या ट्यूबशी आहे.

बऱ्याच गाड्यांत चेंबरला तयार गॅस्केट नसतं, कडेने सिलिकॉनची पेस्ट लावून बसवतात. पेस्टची बारीक धार हवी, चेंबर आवळलं की ती दाबून सपाट होते. हात जड असेल आणि जास्त लागली, तर दाबल्यावर अर्धी बाहेर येते, अर्धी आत जाते. बाहेरची पुसून टाकतात. आतली कोणाला दिसत नाही. गरम ऑइलमध्ये राहून राहून ती सुटते, तिचे तुकडे होतात आणि पंपाच्या तोंडाला जी जाळी असते, जिला स्ट्रेनर म्हणतात, तिच्यावर जाऊन बसतात. एकदम नाही, हळूहळू. पाच महिने, सात महिने. दरवेळच्या सर्व्हिसला ऑइल खालच्या ड्रेन नटातून काढतात, चेंबर उघडत नाहीत, म्हणून ती जाळी कुणाच्या नजरेस पडत नाही. ऑइल कितीही नवीन घाला, जाळीच बुजली तर पंप ओढणार काय?

मी असं खात्रीने म्हणत नाही की तुमच्या गाडीत हेच झालंय. ऑइल पंप स्वतः गेलेला असू शकतो, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारी झडप) अडकलेला असू शकतो. म्हणून उघडायलाच हवं, आणि तुम्ही समोर असताना उघडायला हवं. ते ४,५०० द्या, पण आधी लेखी घ्या की चेंबर तुमच्या हजेरीत निघेल. ऑइल काढताना स्वच्छ कोरड्या बाटलीत पावशेरभर भरून घ्या, झाकणावर तारीख घाला. चेंबर खाली आलं की कोणाचा हात लागण्याआधी जाळीचा फोटो आणि व्हिडिओ काढा, बोल्ट काढण्यापासून सलग. फिल्टर कापून दाखवायला सांगा. त्याच्या कागदात सोनेरी-चंदेरी चकाकी दिसली तर ती बेअरिंगची आहे. आणि क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरतं का बघायला सांगा. थोडंही फिरलं तर कदाचित शॉर्ट ब्लॉकची गरज पडणार नाही, क्रँक ग्राइंड करून (घासून गुळगुळीत करून), अंडरसाइज बेअरिंग (घासलेल्या क्रँकच्या मापाचं) टाकून काम होऊ शकतं. पूर्ण जाम असेल तर मग बघू.

जमलं तर वडिलांना सोबत न्या. त्यांच्यासमोर कोणी काही लपवायला बिचकेल.

---

सडेतोड_धुळे

माझ्या मते १,१०,००० घ्या आणि मोकळ्या व्हा. एकदा उघडलेलं इंजिन पुन्हा तसं होत नाही. सात वर्षांच्या डिझेलवर लाखभर टाकणं शहाणपणाचं नाही. पेट्रोल घ्या, जुनी घ्या, पण यातून बाहेर पडा.

---

एरंडोलची_लेक

भाऊ, तुमचा हिशेब चुकीचा नाही. पण चालू स्थितीत याच गाडीला चार-सव्वाचार लाख येतात. १,१०,००० त मला बाबांना उन्हातून नेता येईल अशी गाडी मिळणार नाही. आणि "ओनर निग्लिजन्स" हे दोन शब्द माझ्या नावावर ठेवून मला ती विकायची नाही. मी दर सर्व्हिसचं बिल जपून ठेवलंय. दगड लागला तेव्हा जागेवर बंद केली. आवाज आला तेव्हा सांगितलं. दिव्याच्या बाबतीत चुकले, ते मी इथेच कबूल केलंय.

---

ग्राहक_वकील_जळगाव

ताई, उघडण्याआधी लिहितोय, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

सर्व्हिस सेंटरला आजच ईमेल करा आणि त्याची एक प्रत स्पीड पोस्टने पाठवा. चार ओळी पुरेत: ऑक्टोबरमध्ये तुम्ही चेंबर बदललं, एप्रिलमध्ये आवाजाची तक्रार नोंदवली, मे मध्ये इंजिन जाम झालं, इंजिन माझ्या उपस्थितीत उघडावं, काढलेला प्रत्येक जुना भाग माझा आहे, तो नष्ट करू नये, कारण निश्चित होईपर्यंत पार्किंग शुल्क मला मान्य नाही. यात आरोप करू नका, फक्त घटना आणि मागणी. 'समाधानी आहे' अशा छापील कागदावर सही करू नका.

जाळीत काही सापडलं, तर पुढचा मुद्दा असा येतो की ऑक्टोबरनंतर चेंबर दुसऱ्या कोणी उघडलं होतं का. तुम्ही दुसऱ्या कुठल्या गॅरेजला गेला नसाल, तर तुमची बाजू भक्कम होते. एखाद्या परवानाधारक सर्व्हेअरचं किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मेकॅनिकल विभागातल्या प्राध्यापकाचं लेखी मत घेऊन ठेवा. समोरच्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की हे सांगणारा कोण.

त्यांनी ऐकलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे जळगावलाच. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तुमचं बिल तर ७,८५० चं आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येतं. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, नोंद करा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

निकाल लवकर लागेल अशी आशा ठेवून गाडी उभी ठेवू नका. पुरावा नीट जमवला की दुरुस्ती करून घ्या आणि प्रत्येक बिल जपा. दुरुस्तीचा खर्च आणि मधल्या काळातलं गाडीभाडं, दोन्ही मागता येतं. भाड्याच्या गाडीच्या पावत्या घेताय ना?

---

एरंडोलची_लेक

पावत्या घेत नव्हते. आजपासून घेते. ईमेल केला, स्पीड पोस्ट उद्या सकाळी.

---

एरंडोलची_लेक

शनिवारी उघडलं. बाबा सोबत आले. मी नको म्हणत होते, पण ऐकलं नाही. एक स्टूल मागून घेतलं आणि लिफ्टच्या बाजूला बसून राहिले. सव्वादोन तास.

ऑइल बाटलीत घेतलं. चेंबर खाली आलं तेव्हा मोबाइल माझ्या हातात चालूच होता. कडेला आतून राखाडी सिलिकॉनची जाड वळी होती, काही ठिकाणी करंगळीएवढी, आणि मधूनमधून तुटलेली, दात पडल्यासारखी. तुटलेले तुकडे कुठे गेले ते जाळीवर दिसलं. जाळी रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. तिच्यावर राखाडी-काळे धागे आणि पापुद्रे एकमेकांत गुंतून बसलेले, उकडलेल्या शेवया गाळणीत राहिल्यात असे. उघडी जाळी कडेला नखाएवढी उरली होती. मेकॅनिक मुलगा अगदी तरुण होता, विशीचा असेल. तो जाळीकडे बघून पटकन म्हणाला, "अरे, हे तर बॉण्ड आहे," (बॉण्ड म्हणजे तीच सिलिकॉनची पेस्ट) आणि मग सुपरवायझरकडे बघून गप्प झाला. व्हिडिओत ते आलंय. त्या मुलाला त्रास व्हावा असं मला अजिबात वाटत नाही. काम त्याने केलेलं नव्हतं, आणि खरं बोलला तोच एकटा.

बाबा उठले, जाळीजवळ गेले. डेपोत वर्कशॉपवाल्यांसोबत आयुष्य गेलेला माणूस. हात न लावता बघितलं आणि मला म्हणाले, "तुनी चूक नाही, बेटा." गेल्या बारा दिवसांत मला हे कोणीतरी म्हणायला हवं होतं. त्यांनीच म्हटलं.

फिल्टर कापला, चकाकी होती. पुलीला पाना लावल्यावर इंजिन थोडं फिरलं, मग अडलं.

सुपरवायझर म्हणाले, "वर बोलून सांगतो." दोन दिवसांनी फोन: मजुरीत ५० टक्के सवलत आणि पार्किंग माफ, पण "कंपनी कोणतीही जबाबदारी स्वीकारत नाही" असं लिहून द्यायचं. मी नाही म्हटलं. जाळी, चेंबर, फिल्टर, बेअरिंगचे तुकडे, सगळं त्यांच्याकडून सही-शिक्क्याच्या पावतीवर ताब्यात घेतलं. द्यायला खळखळ केली, पण ईमेल आधीच गेलेला होता.

---

भुसावळ_गॅरेज

जाळीचा फोटो बघितला. इतकी बुजलेली जाळी ३४ वर्षांत दोन-तीनदाच बघितली असेल. गाडी पाठवा. क्रँक काढून मायक्रोमीटरने मोजतो, ग्राइंड करण्यासारखा असेल तरच हात लावतो, नसेल तर तसं सांगतो. टर्बोही (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) काढून बघावा लागेल, त्याच्या शाफ्टलाही हेच ऑइल जातं. सगळ्या ऑइल गॅलरी (इंजिनातल्या ऑइलच्या वाटा) हवेने साफ कराव्या लागतील, नाहीतर एक तुकडा राहिला तर पुन्हा तेच. घाई करू नका, दहा-बारा दिवस द्या.

---

एरंडोलची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय. ज्यांनी इथे वेळ दिला त्यांना कळवायलाच हवं.

गाडी भुसावळला नेली, टोइंगचे ४,२०० गेले. क्रँकवर एका जर्नलला (बेअरिंग बसतं त्या जागेला) खोल ओरखडे होते, तरी पाव मिलिमीटर ग्राइंडमध्ये निघाले. एक कनेक्टिंग रॉड बदलला, सगळी बेअरिंग, ऑइल पंप, स्ट्रेनर, गॅस्केट सेट. टर्बोच्या शाफ्टला खेळ निघाला, त्याची कार्ट्रिज, म्हणजे आतला फिरता भाग, बदलली, तेच एकटं १४,५०० चं. एकूण ८३,७००. आईच्या भिशीचा नंबर लागला होता, त्यातले ५०,००० तिने न विचारता आणून दिले. उरलेले शाळेच्या पतसंस्थेतून.

चेंबर बसवायच्या दिवशी भाऊंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. पेस्टची ट्यूब हातात धरून चेंबरच्या कडेने एक धार सोडली, मेंदीच्या कोनातून नक्षी काढतात तेवढीच बारीक, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने न तुटता पूर्ण फेरी. मग थोडं थांबून चेंबर वर धरलं आणि बोल्ट समोरासमोरचे आवळत गेले. "एवढंच काम असतं, ताई," म्हणाले. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. मी बघत उभी राहिले आणि मला राग आणि रडू दोन्ही आलं.

१९१५ वर तक्रार नोंदवली. सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं की "वाहन प्रेशर वॉर्निंगनंतर चालवण्यात आले." वकील साहेबांच्या मदतीने नोटीस गेली आहे: दुरुस्ती ८३,७००, दोन्ही टोइंग, मे च्या त्या दिवसापासूनचं गाडीभाडं जेवढ्याच्या पावत्या आहेत तेवढं, आणि मनस्ताप. दीड किलोमीटर चालवल्याचं नोटिशीत आपणहून लिहिलंय. साहेब आधी नको म्हणत होते, पण लपवून मला ही लढाई लढायची नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एका सरांनी जाळी आणि चेंबर बघून दोन पानांचं लेखी मत दिलंय. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर तक्रार दाखल करणार, कागद तयार आहेत.

पहिले हजार किलोमीटर सांभाळून चालवायचे आहेत, मग ऑइल बदलायला भुसावळ. काल शुक्रवार होता. पहाटे साडेसहाला निघालो. चावी फिरवली, लाल दिवा लागला, स्टार्ट केली, आणि मी मनात मोजलं. एक म्हणेपर्यंत विझला. टिकटिक नाही. बाबा मागे बसतात, पण काल म्हणाले, पुढे बसतो. बांभोरीच्या पुलावर त्यांनी काच खाली केली, कान दिला, आणि पुन्हा वर केली.

---

शहादेकर_३९

ताई, नोटिशीचं उत्तर आलं की इथे लिहा. आम्ही सगळे वाट बघतोय. आणि तो पिकअपवाला सापडला का?

---

एरंडोलची_लेक

सापडला. एरंडोलच्या पंपावर डिझेल भरताना बाबांनीच ओळखला, आवाजावरून. रविवारी त्याला घरी जेवायला बोलावलंय. कळण्याची भाकरी आणि ठेचा हवा म्हणाला, आई आत्तापासून ज्वारी-उडीद निवडतेय.